तुकडा काढून घे, बापू

अमरावती

चि. बापू यास,


सूनबाईने पाठवलेले तुझे सगळे कागद नीट वाचले. नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टनी शेवटच्या पानाच्या तळाशी लिहिलं आहे की पायाच्या त्वचेचा छोटा तुकडा काढून त्यातल्या नसांच्या तंतूंची मोजणी करून घ्यावी. त्या एका ओळीने तुमच्या घराची झोप उडाली, हे फोनवरच्या आवाजांवरूनच कळलं. तू विचारलंस, "आत्या, करू का नको?" माझं उत्तर आधीच सांगून टाकते: करून घे, आणि सोयाबीन निघू दे, कापूस वेचून होऊ दे म्हणत पुढे ढकलू नकोस. का करायचं, कसं करायचं आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं, ते सविस्तर लिहिते. उभी हयात त्वचारोगाच्या ओपीडीत गेली आहे माझी; तेव्हा हे घरातल्या मोठ्या माणसाचं सांगणं म्हणून वाच आणि डॉक्टरचं म्हणूनही वाच.

पहिली गोष्ट, तुझं दुखणं खरं आहे. अंगठ्यापासून सुरू झालेली आग आता घोट्यापर्यंत आली आहे, दोन्ही पायांना सारखीच आहे, दिवसभर दुकानात माणसांच्या गडबडीत विसरायला होते आणि रात्री अंथरुणावर पडलं की डोकं वर काढते. चादरीचा काठ लागला तरी सोसत नाही, म्हणून तू पाय उघडे टाकून गार फरशीवर टेकवतोस. हे सगळं सूनबाईने सांगितलं. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला आपल्याकडे तीन उत्तरं मिळतात: "उष्णता वाढली", "अशक्तपणा आहे" आणि "टेन्शन घेता तुम्ही". तुला तिन्ही मिळाली. तिसरं तर एनसीव्हीचा रिपोर्ट नॉर्मल आल्यावर मिळालं, आणि तेव्हापासून तूच स्वतःवर शंका घ्यायला लागलास. ती शंका आज सोडून दे.

एनसीव्हीत काय होतं ते तू पाहिलंस. पायाला तारा लावतात, विजेचे बारीक झटके देतात आणि नसेतून संदेश किती वेगाने जातो ते यंत्र मोजतं. पण ते यंत्र जाड नसांचं मोजतं. स्नायू हलवणाऱ्या, कंप ओळखणाऱ्या, डोळे मिटले तरी पाय कुठे आहे हे सांगणाऱ्या नसा जाड असतात. आग, टोचणी, गरम-गार हे सांगणारे तंतू फार बारीक असतात. काहींवर पातळ आवरण असतं, काहींवर तर आवरणच नसतं. त्यांचा संदेश इतका मंद आणि क्षीण असतो की एनसीव्हीच्या यंत्राला तो दिसतच नाही. म्हणजे बारीक तंतू जळून चालले असले आणि जाड नसा शाबूत असल्या, तर रिपोर्ट नॉर्मलच येणार. घाम येणं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावणं ही कामंही असेच बारीक तंतू करतात. तुझे तळपाय कोरडे पडले आहेत, टाचांना भेगा आहेत, त्याचा धागा इथे जुळू शकतो.

मग या बारीक तंतूंकडे पाहायचं कसं? त्यांची टोकं त्वचेत असतात, तीही अगदी वरच्या थरात. खालच्या थरातून ती वर चढतात, मधला पातळ पडदा ओलांडतात आणि पृष्ठभागाजवळ मोकळी संपतात. पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ साली सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवून या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या नसांच्याच असाव्यात असं त्याला वाटलं. पुढे कळलं की त्या रोगप्रतिकाराच्या पेशी आहेत. खऱ्या तंतूंवर भरवशाचा रंग चढायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं लागली. नसांमध्ये पीजीपी ९.५ नावाचं एक प्रथिन भरपूर असतं; त्यालाच जाऊन चिकटणारी अँटिबॉडी मिळाली आणि ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजता येऊ लागले. अमेरिकेत मिनेसोटाचे विल्यम केनेडी आणि जॉन्स हॉपकिन्समधले डॉक्टर यांनी १९९० च्या दशकात ही मोजणी बसवली. युरोपातल्या मज्जारोगतज्ज्ञांनी २००५ मध्ये तिचे नियम ठरवले आणि २०१० मध्ये ते सुधारून पक्के केले. तेव्हा तुझ्यावर कोणी नवा प्रयोग करत नाही. जगभर रुळलेली तपासणी आहे ही.

आता प्रत्यक्ष काय करतात ते ऐक. बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून दहा सेंटिमीटर वर, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा ठरवतात. बहुधा दुसरी जागा मांडीवर वरच्या बाजूला घेतात. जागा साफ करून लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. ते जाताना क्षणभर चुरचुरतं, नंतर काही कळत नाही. मग पेनासारखं धरायचं एक हत्यार असतं, पंच म्हणतात त्याला. त्याच्या टोकाला तीन मिलिमीटर व्यासाचं गोल पातं असतं. ते त्वचेवर टेकवून हलकं फिरवतात, ज्वारीच्या दाण्याहून किंचित लहान तुकडा सुटा होतो, तो चिमट्याने अलगद उचलून खालून कापतात. थोडा वेळ दाबून धरलं की रक्त थांबतं. टाका सहसा लागत नाही, पट्टी पुरते. चालत जायचं आणि चालतच परत यायचं. आठ-दहा दिवसांत जागा भरते, पुढे एक बारीक वण राहतो. शुगर वाढलेली असेल तर भरायला थोडे जास्त दिवस लागतात. तेवढे दिवस पट्टी कोरडी ठेव, शेतातल्या चिखलात आणि गोठ्यात पाय घालू नकोस, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी हळद, राख, तंबाखू असलं काही त्यावर लावू देऊ नकोस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, जखम उठावदार वण होऊन भरायची अंगाची सवय असेल, पायावर सूज असेल, तर ते आधीच सांग.

दोन तुकडे का, असंही तुझ्या मनात आलं असेल. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. रक्तातून आलेला दोष, म्हणजे साखर, दारू, जीवनसत्त्वाची कमतरता, या लांब नसांच्या टोकांना आधी गाठतो. घोट्याजवळ तंतू विरळ आणि मांडीवर बऱ्यापैकी दाट दिसले, तर दोष खालून वर सरकतो आहे असं समजायचं. दोन्हीकडे सारखेच विरळ दिसले, तर डॉक्टर वेगळी कारणं शोधतात. एका तुकड्यात ही तुलना होत नाही.

यातली एक गोष्ट मात्र तुलाच पक्की करून घ्यायची आहे, कारण आपल्याकडे ती हमखास राहून जाते. तुकडा कोणत्या बाटलीत जाणार आणि कुठे जाणार, हे पंच लावण्याआधी विचार. नेहमीच्या बायॉप्सीचा तुकडा फॉर्मलीनमध्ये टाकतात आणि चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या करून पाहतात. तंतूंच्या मोजणीसाठी वेगळा द्राव लागतो, तुकडा थंड ठेवून पाठवावा लागतो आणि चकत्या पन्नास मायक्रॉनच्या, म्हणजे दहापट जाड करतात, तेव्हा कुठे तंतू लांबीत दिसतो. मधला पडदा ओलांडून वर गेलेले तंतूच मोजायचे, वर जाऊन त्यांना फुटलेल्या फांद्या वेगळ्या धरायच्या नाहीत, असा नियम आहे. हे काम आपल्याकडच्या प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनाच विचार: "साहेब, तुकडा कोणत्या लॅबला जाणार? त्यांचा द्राव आणून ठेवला आहे का? मोजणी प्रति मिलिमीटर आकड्यात येणार का, आणि माझ्या वयाच्या पुरुषाचा नॉर्मल आकडा शेजारी छापलेला असणार का?" वयाबरोबर तंतू कमी होत जातात आणि बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा थोडे जास्त असतात, म्हणून नुसता आकडा कामाचा नाही. असे प्रश्न विचारलेस म्हणून चांगला डॉक्टर रागावणार नाही. उलट त्याला बरं वाटेल.

आता घरातल्या खऱ्या भीतीबद्दल. तू फोनवर ती बोलला नाहीस, सूनबाई बोलली. म्हणाली, "आत्याबाई, चामडीचा तुकडा तर महारोगाच्या माणसाचा काढतेत ना? पोरीची सोयरीक पाहून राहिलो आम्ही. कोणाले कळलं तं?" तिच्या जागी मी असते तर माझ्याही मनात हेच आलं असतं. आपल्या विदर्भात ही भीती पिढ्यान् पिढ्या मुरली आहे. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं, ते विदर्भ महारोगी सेवा मंडळ म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लोक दाजीसाहेब म्हणायचे त्यांना. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचं मिशन हॉस्पिटल, वर्ध्याचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन, या सगळ्या जागा उभ्या राहिल्या कारण घरांनी माणसं बाहेर काढली होती. ज्या मुलखाने इतकी माणसं घराबाहेर काढली आणि ज्याने त्यांच्यासाठी इतकी घरंही बांधली, तिथल्या बाईला तुकडा म्हणताच तोच रोग आठवला, यात तिचा काही दोष नाही. पण ही भीती पोटात ठेवून तपासणी टाळायची नाही. ती समोर घेऊन बसायचं आणि एकेक करून उलगडायची.

तर ऐक. कुष्ठरोगात त्वचेचा तुकडा काढतात हे खरं. पण तो काढतात चट्ट्याच्या कडेवरून, जिथे रोग चालू आहे तिथून, थोडा खोल, चरबीपर्यंत, आणि तो फॉर्मलीनमध्ये जातो. त्यात नसेभोवती जमलेल्या पेशी पाहतात आणि खास रंग देऊन जंतू शोधतात. तुझा तुकडा वरून चांगल्या दिसणाऱ्या त्वचेतून, ठरलेल्या मापावर काढायचा आहे, कारण प्रश्नच वेगळा आहे. डॉक्टरांनी तुझ्यासाठी जो प्रश्न लिहिला आहे तो असा: बारीक तंतू कमी झालेत का, आणि किती?

तरीही मी तुला सांगते, कुष्ठरोगाचा प्रश्नही विचारून मोकळा हो. आपल्या भागात पायाला बधिरपणा किंवा मुंग्या घेऊन आलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत उजेडात पाहिल्याशिवाय सोडू नये, हे माझं सगळ्या तरुण डॉक्टरांना सांगणं असतं. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, अंगावरचा सदरा काढून सूनबाईला पाठ, खांदे, कुल्ले, मांड्या पाहायला सांग. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा तांबूस चट्टा आहे का? त्यावर केस विरळ, घाम कमी आहे का? डोळे मिटून कापसाचं टोक लावल्यावर तिथे कळतं का? कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली, आतल्या घोट्याच्या मागे, मानेच्या बाजूला नस जाड आणि दुखरी लागते का, ते डॉक्टर बोटाने पाहतील. काही माणसांत चट्टा नसतोच, नुसत्या नसाच सुजतात. तेही ते तपासतील. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा इथे अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि समजा, चट्टा सापडलाच, तर? तर तुझ्या सगळ्या शक्यतांपैकी याच शक्यतेवरचा उपाय सर्वांत पक्का ठरलेला आहे. हॅन्सेनने १८७३ साली नॉर्वेत हा जंतू पाहिला. तो इतका संथ वाढतो की एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात, म्हणून लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे: रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, जंतू कमी असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा. पहिल्या डोसांनंतरच माणूस दुसऱ्याला रोग देईनासा होतो. घर सोडायचं नाही, ताट वेगळं करायचं नाही. नस सुजून नुकताच आलेला बधिरपणा सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडने बऱ्याचदा परत फिरतो. उशीर झाला तर फिरत नाही. बोटं झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हे. दुखत नसल्यामुळे चटके, काटे, फोड कळत नाहीत, म्हणून झडतात, हे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय वर्षानुवर्षं पाहून दाखवून दिलं. देशात आजही वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. २००५ च्या अखेरीस निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं म्हणून रोग संपला असं नाही. कायदा मात्र बदलला आहे: इंग्रजांच्या काळचा १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद २०१९ मध्ये काढून टाकली. हे सूनबाईला वाचून दाखव.

आता समज, चट्टा नाही, नसा जाड नाहीत, आणि मोजणीत तंतू कमी निघाले. मग तुला दोन गोष्टी मिळतील. पहिली, तुझ्या दुखण्याचा पुरावा, कागदावर, आकड्यात. यापुढे कोणी "मनाचं आहे" म्हणू शकणार नाही. दुसरी, एक काम. तंतू कमी झाले एवढंच ही मोजणी सांगते, कशाने ते सांगत नाही. कारण शोधणं हे पुढचं काम, आणि खरा फायदा तिथेच आहे.

तुझी उपाशीपोटीची साखर ११२ आहे आणि कोणीतरी शेजारी "नॉर्मल" लिहून ठेवलं आहे. शंभर ते एकशे पंचवीस म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बारीक तंतूंना या उंबरठ्यावरच्या साखरेचाही त्रास होतो, असं दिसून आलं आहे. तेव्हा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी आणि एचबीए१सी, दोन्ही करून घे. बी-१२ मोजून घे. आपल्या घरात अंडं-मांस शिजत नाही आणि दूधही बेताचंच, आणि कोणी मेटफॉर्मिन सुरू केली असेल तर तिनेही बी-१२ कमी होतं. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, एचआयव्ही, काविळीचे विषाणू आणि रक्तातली प्रथिनं, ही यादी तुझ्या डॉक्टरांच्या मनात असेलच. तुझ्याकडून त्यांना तीन गोष्टी खऱ्या कळायला हव्यात. एक, दारू किती आणि किती वर्षं. लाजू नकोस. दुसरी, क्षयाच्या गोळ्या कधी घेतल्या होत्यास का, कारण त्यातल्या आयसोनियाझिडने नसांना त्रास होतो. तिसरी, दुकान. कृषी सेवा केंद्रात तू रोज कीटकनाशकांच्या बाटल्या हाताळतोस, गळकी पुडकी उघड्या हाताने उचलतोस. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तू विसरला नसशील. काही फॉस्फरसयुक्त औषधं विषबाधेनंतर एक-दोन आठवड्यांनी नसांवर उतरतात. तुझी आग यामुळेच आहे असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. आणि तसंही, आजपासून दुकानात हातमोजे.

तू घेतोस ते बी-१२ चं लाल इंजेक्शन मात्र थांबव. तपासणीला रक्त देण्याआधी ते टोचून घेतलंस तर आकडा चांगला दिसेल आणि खरं काय ते झाकलं जाईल. आणि दुकानातून "नसांच्या गोळ्या" आणून महिनोन् महिने खाऊ नकोस. बी-६ फार दिवस, फार प्रमाणात घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात. आग कमी करायला डॉक्टर प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन किंवा अशीच एखादी गोळी देतील. ती दुखणं सुसह्य करते, झोप देते, म्हणून जरूर घे. तंतू मात्र ती परत आणत नाही.

तंतू परत येतात का, हे तू विचारणारच. येऊ शकतात. निरोगी माणसांच्या त्वचेवर मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, लावून पाहिलं आहे: त्या जागेचे वरच्या थरातले तंतू जवळपास नाहीसे होतात आणि लावणं थांबवलं की आठवड्यांनी हळूहळू पुन्हा उगवतात. अमेरिकेत युटाच्या डॉक्टरांनी उंबरठ्यावरची साखर असलेल्या, पायांची आग होणाऱ्या माणसांना वर्षभर नेमाने आहार आणि व्यायाम दिला आणि आधी व नंतर तुकडे काढून मोजले. मांडीवरचे तंतू वाढले होते आणि दुखणंही कमी झालं होतं. म्हणजे तुझ्या बाबतीत कारण वेळेत सापडलं, तर तंतू पुन्हा वाढू शकतात. म्हणूनच मी पुढे ढकलू नको म्हणते. रोज पाऊण तास चालणं, रात्रीच्या जेवणातला भात-साखर कमी, चहातली साखर बंद. हे तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंतही सुरू करता येतं.

मोजणी नॉर्मल आली, तर? तीही पूर्ण ग्वाही नव्हे. रोग अगदी सुरुवातीला असेल, तंतू आहेत पण बिघडले आहेत असंही असू शकतं. तेव्हा रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. "काही निघालं नाही" म्हणून फाइल कपाटात टाकू नकोस. एवढंही सांगते, सगळ्यांनाच ही तपासणी लागते असं नाही. ज्याला पंधरा वर्षं मधुमेह आहे आणि पाय बधिर झालेत, त्याचं निदान टाचणी आणि ट्यूनिंग फोर्कनेच होतं. तुझी एनसीव्ही नॉर्मल, कारण अस्पष्ट, आणि दुखणं ठळक आहे. हा तुकडा नेमका तुझ्यासारख्यांसाठी आहे.

पायांची काळजी कोणत्याही रिपोर्टची वाट पाहत नाही. रोज झोपताना तळपाय आरशात पाहा. फोड, काटा, चीर दिसते का. आगीवर बर्फ घासू नकोस आणि गरम पाण्यात पाय बुडवू नकोस, कारण गरम-गार ओळखणारे तंतूच आजारी असतील तर चटका बसल्याचं उशिरा कळेल. आपल्या अकोल्याचा वैशाख तुला सांगायला नको. गच्चीवर, पत्र्याजवळ, वावरात अनवाणी पाऊलही टाकू नकोस. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या (एमसीआर) तळव्याची चप्पल घे. कुष्ठरुग्णांचे पाय वाचवायला जी वापरात आली, तीच आज मधुमेहाच्या रुग्णांनाही देतात. कोणी काय म्हणेल याचा विचार न करता घाल.

शेवटचं सांगणं घरातलं. हे सगळं पोरीपासून लपवू नकोस. ती शिकलेली आहे, तिला तुझी फाइल दे, नागपूरला सोबत ने. डॉक्टरांचे शब्द तिच्या लक्षात तुझ्यापेक्षा जास्त राहतील. सोयरिकीची बोलणी चालू राहू देत. पाहुण्यांपैकी कोणी पायाच्या पट्टीबद्दल विचारलंच, तर चोरून ठेवल्यासारखं बोलू नकोस. "पायांच्या नसांची तपासणी केली, साखर उंबरठ्यावर आहे, इलाज चालू आहे," एवढं सरळ सांग. वडिलांच्या पायाची पट्टी पाहून जे घर मागे सरेल, त्या घरात आपली पोर द्यायची नाही, हे आत्ताच ठरवून ठेव.

सोमवारी नागपूरला फोन करून वेळ घे, तारीख मला कळव. त्याआधी सर्वोपचारमध्ये अंग दाखवून ये. वहिनींना नमस्कार, सूनबाईला आणि पोरीला आशीर्वाद.

तुझी,
आत्या